एकाच एक्स-रेत दोन सावल्या: मॅक्झिलरी सायनसमधील सिस्टचा प्रकरण अभ्यास

तासगाव तालुक्यातल्या बेदाणा शेडवर काम करणारी ४३ वर्षांची स्त्री. पाच महिन्यांपासून डावा गाल जड वाटतो, वाकून बेदाणा निवडताना जास्तच. अधूनमधून घशात कुबट वासाचा स्राव उतरतो. ताप नाही, नाक बंद होत नाही, उजव्या बाजूची काहीच तक्रार नाही. डाव्या वरच्या पहिल्या दाढेत आठ वर्षांपूर्वी चांदी भरलेली आहे, तिचा एक कोपरा उडाला आहे. ती दाढ मागे दोन रात्री खूप ठणकली आणि मग आपोआप थांबली. दिवसातून दोनदा मशेरी.

सोबत एक ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकच रुंद एक्स-रे. रिपोर्टात लिहिले आहे: ‘दोन्ही मॅक्झिलरी सायनसमध्ये रिटेन्शन सिस्ट.’ सल्ला असा की, दोन्ही बाजूंचे सायनस, म्हणजे गालामागच्या हवेच्या पोकळ्या, दुर्बिणीने उघडून गाठी काढाव्यात. शेडवर बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, म्हणून बाईंचा प्रश्न सरळ आहे: “गंधकाच्या धुरीनं झालंय का हे? शेड सोडावं लागंल का?”

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. सांगली-मिरज भागात दातांच्या आणि नाक-कान-घशाच्या ओपीडीत जे तपशील नेहमी समोर येतात, ते शिकवण्यासाठी एका रुग्णात गुंफले आहेत. निर्णयाच्या पायऱ्या मात्र जशा घ्यायला हव्यात तशाच दिल्या आहेत.

रिपोर्टाने दोन्ही बाजूंना एकच नाव दिले. इथेच चूक सुरू होते. ‘सिस्ट’ म्हणजे पिशवी, एवढेच. ती पिशवी हाडाच्या कोणत्या बाजूला आहे आणि आतून तिला अस्तर आहे की नाही, या दोन गोष्टी कळल्याशिवाय कारणही कळत नाही आणि उपचारही ठरत नाही.

सायनसचे अस्तर आणि त्यात तयार होणाऱ्या पिशव्या

वरच्या जबड्याच्या हाडातल्या या पोकळीत मोठ्या माणसात साधारण १२ ते १५ मिली हवा मावते. आतून तिला जेमतेम एक मिलिमीटर जाडीचे अस्तर असते. सर्वांत वर केसाळ म्हणजे सिलिया असलेल्या उभ्या पेशी आणि त्यांच्या मधे चिकट स्राव करणाऱ्या गॉब्लेट पेशी. त्याखाली सैल संयोजी ऊती, त्यात रक्तवाहिन्या आणि पातळ व चिकट असा दोन्ही प्रकारचा स्राव करणाऱ्या छोट्या ग्रंथी. सगळ्यांत खाली पेरिऑस्टियम, म्हणजे हाडावरचे आवरण, ते थेट हाडाला चिकटलेले. सिलिया स्राव सतत ढकलत ओस्टियम नावाच्या भोकाकडे नेतात. हे भोक तळाशी नसून वरच्या बाजूला, नाकाकडच्या भिंतीत असते. त्यामुळे सायनसचा निचरा उतारावर वाहून होत नाही, सिलियांच्या जोरावर होतो. या पोकळीचे सविस्तर वर्णन नॅथॅनिएल हायमोरने १६५१ मध्ये केले, म्हणून जुन्या पुस्तकांत ‘हायमोरचा अँट्रम’ असे नाव आढळते.

या अस्तरातून निघणाऱ्या पिशव्या मुख्यतः तीन प्रकारच्या. खरी रिटेन्शन सिस्ट होते ती ग्रंथीची नळी बुजल्यामुळे. स्राव आत साठतो आणि नळी फुगते, म्हणून आतून नळीचेच एपिथेलियम, म्हणजे पेशींचे अस्तर, असते. ती बहुधा इतकी लहान असते की एक्स-रेत दिसतही नाही, इतर कारणाने काढलेल्या अस्तराच्या स्लाइडवर सापडते.

दुसरी अँट्रल स्यूडोसिस्ट. ओपीजीत घुमटासारखी जी सावली दिसते ती बहुतेक वेळा हीच. इथे कोणतीही नळी फुगलेली नसते. अस्तराखालच्या सैल ऊतीत दाहाचा द्रव साचतो आणि अस्तर तंबूसारखे वर उचलले जाते. द्रवाभोवती स्वतःचे एपिथेलियम नसते, फक्त सुजलेली संयोजी ऊती असते. बाहेरून जे केसाळ अस्तर दिसते ते सायनसचेच. म्हणूनच तिला ‘स्यूडो’ म्हणतात. रिपोर्टात हिलाही सरसकट ‘रिटेन्शन सिस्ट’ लिहिण्याची सवय इतकी रुळली आहे की दोघींत फरक आहे हेच विसरले जाते.

तिसरा म्युकोसील. ओस्टियमच बंद झाल्यामुळे पूर्ण सायनस स्रावाने भरतो, हवा उरत नाही आणि दाबाने भिंती पातळ होऊन बाहेर फुगतात. याला वाट पाहून चालत नाही. याच्या जोडीला एक दूरची बहीण आहे: सायनसवर जुने ऑपरेशन झाले असेल, तर जखमेत अडकलेल्या अस्तरापासून दहा-वीस वर्षांनी सिलियायुक्त सिस्ट तयार होऊ शकते. म्हणून पूर्वी गालातून, हिरडीवर छेद घेऊन सायनसचे ऑपरेशन झाले होते का, हे प्रत्येकाला विचारायलाच हवे. या बाईंचे झालेले नव्हते.

चौथा गट सायनसचा नाहीच. तो दाताचा. सिस्ट हाडात, दाताच्या मुळाशी जन्मते आणि वर सायनसमध्ये घुसते.

पांढरी रेघ

ओपीजी पुन्हा उजेडावर धरला. उजवीकडे सायनसच्या तळावर बसलेला साधारण १७ मिलिमीटरचा घुमट, कडेला कुठलीही रेघ नाही, सावली एकसारखी फिकट, खालच्या तळाचे हाड अखंड आणि सपाट. डावीकडे २४ मिलिमीटरची गोल सावली. तिच्या माथ्यावरून एक बारीक पांढरी रेघ कमानीसारखी गेली आहे आणि ती रेघ खाली पहिल्या दाढेच्या मुळाभोवतीच्या रेषेला जाऊन मिळते.

ती पांढरी रेघ म्हणजे उचललेला सायनसचा तळ. पिशवी हाडात वाढते तसे ती तळाचे हाड झिजवते, पण सायनसच्या बाजूचे पेरिऑस्टियम त्याच वेळी बाहेरून नवे हाड घालत जाते. आतून खरवडले जाते, बाहेरून लिंपले जाते, आणि तळ अंड्याच्या कवचासारखा पातळ होत वर सरकतो. स्यूडोसिस्टमध्ये पिशवी हाडाच्या वर असते, म्हणून तिच्यावर हाडाचा थर येण्याचे कारणच नाही. रेघ आहे की नाही, एवढा एक प्रश्न रिपोर्टात आला असता तर दोन्ही बाजूंना एकच नाव पडले नसते. ओपीजीत टाळूची आणि गालाच्या हाडाची सावली नेमकी इथेच पडते, त्यामुळे रेघ झाकली जाते, हेही खरे. शंका असेल तिथे सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, हवाच.

आधी दात तपासा

सीबीसीटीच्या आधी पाच मिनिटांची तपासणी केली, आणि निदान जवळजवळ तिथेच झाले. दाताची नस जिवंत आहे की मेली, ते पाहायला कापसाच्या बोळ्यावर थंड स्प्रे मारून दातांच्या गालाकडच्या पृष्ठभागावर धरायचा. सुरुवात दुखऱ्या दाताने करायची नाही. आधी उजव्या बाजूची जोडीची दाढ, म्हणजे रुग्णाला ‘थंड’ म्हणजे काय ते कळते आणि आपल्याला तिचा नेहमीचा प्रतिसाद कळतो. उजवीकडच्या सगळ्या दाढा दोन-तीन सेकंदांत ‘कळ’ देत होत्या. डावीकडची दुसरी उपदाढ आणि दुसरी दाढही. पहिल्या दाढेला पंधरा सेकंद धरूनही काहीच जाणवले नाही. ठोकल्यावर मंद दुखरेपणा, खणखणीत ऐवजी बोदा आवाज.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. चांदी भरलेल्या दाताला इलेक्ट्रिक टेस्टर लावला की करंट भरावातून हिरडीकडे जातो आणि मेलेला दात जिवंत वाटतो. दुसरे म्हणजे दाढेला तीन मुळे असतात. एका मुळातली नस मेली आणि दुसऱ्यातली जिवंत असली की थंडीला प्रतिसाद मिळतो. म्हणून एकाच चाचणीवर दाताला निर्दोष ठरवू नये.

गाल बाजूला करून तर्जनी दाढेच्या वरच्या खळग्यात फिरवली तर तिथे हलका फुगवटा लागला. मध्यभागी बोट हळू दाबले की पातळ पापड मोडताना होते तशी बारीक करकर. हाड पातळ झाले आहे, पण अजून आहे, याची ती खूण. जोरात दाबून ते मोडायचे नाही. कवच उरले असेल तर ऑपरेशननंतर त्याच्या आधाराने हाड भरून येते.

मशेरी चालू असल्यामुळे आणखी चार गोष्टी मुद्दाम पाहिल्या: गालाला किंवा ओठाला बधिरपणा, एका नाकपुडीतून रक्त, एकदम सैल झालेले दात, डोळा पुढे आल्यासारखा दिसणे. यांतले एकही असते तर दाताची चाचणी मागे ठेवून आधी कर्करोगाची शक्यता तपासली असती. एकही नव्हते.

सीबीसीटी

स्कॅन मिरजेत झाला. स्कॅन मागताना फील्ड, म्हणजे स्कॅनमध्ये येणारा भाग, किती हे लिहून द्यावे लागते. दातापुरते छोटे फील्ड घेतले तर वरचा ओस्टियम कापला जातो, आणि निचरा चालू आहे की नाही हा अर्धा प्रश्न अनुत्तरित राहतो. दोन्ही सायनस ओस्टियमसकट यावेत असे लिहिले होते.

डावीकडे पिशवीचे माप २४ × २१ × १९ मिलिमीटर, केंद्र दाढेच्या गालाकडच्या दोन मुळांच्या टोकांवर. वरचे कवच बहुतेक अखंड, एका जागी सुमारे ३ मिलिमीटर हाड नाही. त्या भोकाभोवती सायनसचे अस्तर ६ मिलिमीटरपर्यंत सुजलेले. कुबट स्राव इथून येत होता. ओस्टियम उघडा, वरच्या भागात हवा. उजवीकडे घुमटाखालचा तळ सलग, कड नाही, ओस्टियम उघडा, मुळांच्या टोकांशी काहीही नाही. सीबीसीटीवर घनतेचे आकडे विश्वासार्ह नसतात. त्यावरून आतला द्रव पातळ आहे की घट्ट, असे निष्कर्ष काढलेले नाहीत.

आता डावीकडे काय काय असू शकते? न उगवलेला दात नाही, म्हणून अशा दाताभोवती होणारी डेंटिजेरस सिस्ट बाजूला. केराटोसिस्टची, म्हणजे केराटिन या नखा-केसांतल्या प्रथिनाने भरणाऱ्या सिस्टची, शक्यता उरते. ती जिवंत दातांच्या शेजारीही होते आणि कापून काढल्यावर परत येण्याची खोड तिला जास्त असते, म्हणून ती नाकारल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यासाठी सुई.

भूल देऊन १८ गेजच्या सुईने फुगवट्यातून द्रव ओढला. गवताच्या काडीच्या रंगाचा, आणि सिरिंज उजेडात फिरवली की आत सोनेरी चमक तरंगते. एक थेंब स्लाइडवर ठेवून तसाच मायक्रोस्कोपखाली पाहिला: पातळ चौकोनी पत्रे, एक कोपरा खाचलेला. कोलेस्टेरॉलचे स्फटिक. विरघळलेले प्रथिन डेसिलिटरला ५ ग्रॅमच्या वर. केराटोसिस्टच्या द्रवात ते साधारण ४ ग्रॅमच्या खाली असते आणि द्रव मळकट, केराटिनच्या पापुद्र्यांनी भरलेला असतो. सुईत ताजे रक्त आले असते तर तिथेच थांबायचे होते. रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते.

पिशवी काढणे, आणि ती नीट पाठवणे

आधी दाढेचे रूट कॅनाल. वरच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळात बहुतेक वेळा दोन नळ्या असतात. दुसरी चुकली की संसर्ग तसाच राहतो, मग सिस्ट कितीही सफाईने काढा. भिंगाखाली शोधून ती उघडली. हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने धुताना बाजूला भोक असलेली सुई टोकापासून २ मिलिमीटर अलीकडे, हलक्या दाबाने. वर हाड नाही, सायनस आहे, हे सतत लक्षात ठेवून.

आठवड्याने ऑपरेशन. हिरडीच्या कडेने छेद, हिरडीचा पूर्ण जाडीचा थर (फ्लॅप) उचलला, पातळ झालेल्या हाडातूनच खिडकी. पिशवी सोडवताना क्युरेटची (खरवडण्याच्या चमच्यासारख्या हत्याराची) पोकळ बाजू हाडाकडे आणि फुगीर पाठ पिशवीकडे ठेवली की पिशवी फाटत नाही. वर जिथे हाड नव्हते तिथे ती सायनसच्या अस्तराला चिकटलेली होती. तिथे ओढाताण न करता ओल्या गॉजने दाबून दोघांना वेगळे केले. तरी छोटी चीर गेलीच. ओस्टियम उघडा असल्याने नाकातून वेगळी वाट करावी लागली नाही. गालाकडच्या दोन मुळांची टोके ३ मिलिमीटर कापून एमटीए या सिमेंटने बंद केली, फ्लॅप ताण न देता शिवला. दोन आठवडे नाक शिंकरायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यायची, आणि स्ट्रॉने काही प्यायचे नाही.

पिशवी वरच्या बाजूला, म्हणजे सायनसच्या बाजूला, एक रेशमी टाका घालून १० टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवली. द्रव नमुन्याच्या किमान दहापट. मागणीपत्रावर बाजू, दाताचा क्रमांक २६, दात मेलेला आहे ही नोंद, स्कॅनचे वर्णन आणि ‘टाका सायनसच्या बाजूला’ एवढे लिहिले. हे क्षुल्लक वाटते. पण सलाइनमध्ये बुडवलेला, ‘सायनस ऊती’ एवढेच लिहिलेला, कुठला भाग कुठला ते न कळणारा चुरा पाठवला, तर उत्तम पॅथॉलॉजिस्टही मदत करू शकत नाही. का, ते स्लाइडवरच दिसले.

स्लाइड

उघड्या डोळ्यांना: फुटलेली पिशवी, भिंत १ ते ३ मिलिमीटर, आतल्या पृष्ठभागावर पिवळट गाठी.

मायक्रोस्कोपखाली आतले अस्तर केराटिन नसलेले, थरांचे स्क्वामस (चपट्या पेशींचे) एपिथेलियम. सरळ पट्टी नाही. कमानी एकमेकींत गुंतून जाळी झालेली, मधल्या फटींत न्यूट्रोफिल, म्हणजे दाहात धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी. तीव्र दाहाला एपिथेलियम असेच उत्तर देते. काही ठिकाणी एपिथेलियमच्या आत गुलाबी, वाकलेल्या, केसांच्या पिनेसारख्या रेषा: रश्टन बॉडी. त्या सुमारे दहांत एका रॅडिक्युलर, म्हणजे मेलेल्या दाताच्या मुळाशी होणाऱ्या, सिस्टमध्ये दिसतात. दिसल्या की निदान दाताकडे झुकते. भिंतीत प्लाझ्मा पेशी, लिम्फोसाइट, फेसाळ मॅक्रोफेज, सगळ्या दाहाच्याच पेशी. पिवळ्या गाठींच्या जागी सुईसारख्या रिकाम्या भेगा आणि त्यांच्या कडेला महाकाय पेशी. भेगा रिकाम्या असतात, कारण स्लाइड करताना अल्कोहोल आणि झायलीन कोलेस्टेरॉल विरघळवून टाकतात. स्फटिक जातो, त्याची जागा उरते. केराटिनचा वळीदार थर नाही, तळाच्या पेशी खांबांसारख्या ओळीत उभ्या नाहीत. केराटोसिस्ट नाही.

आणि मग टाक्याजवळचा तुकडा. तिथे आतल्या अस्तरात सिलिया असलेल्या उंच पेशी आणि गॉब्लेट पेशी. हाच एक कण एकटा पाठवला असता तर रिपोर्ट ‘श्वसनमार्गाचे अस्तर, रिटेन्शन सिस्ट’ असा आला असता आणि दाढ तशीच तोंडात राहिली असती. वरच्या जबड्यातल्या रॅडिक्युलर सिस्टमध्ये स्क्वामस एपिथेलियमचे असे रूपांतर होते. ते ओळखायचे कसे? ते पिशवीच्या आतल्या बाजूला, स्क्वामस एपिथेलियमला सलग जोडलेले असते. चिकटून आलेले सायनसचे अस्तर भिंतीच्या बाहेरच्या बाजूला असते, त्याच्याखाली ग्रंथी असतात आणि कधी दोघांच्या मधे हाडाची पट्टी. टाका नसता तर आत-बाहेर ठरवता आले नसते.

निदान: दाढ २६ ची रॅडिक्युलर सिस्ट, अंशतः सिलियायुक्त रूपांतरासह.

मग कारण काय

डावीकडचे कारण दाढ ठणकली त्या दोन रात्रींत आहे. नस मेली, दुखणे थांबले, आणि थांबले म्हणून कोणी तपासले नाही. मेलेल्या नळीतले जंतू मुळाच्या टोकातून दाह सतत पेटता ठेवतात. दात तयार होताना मागे उरलेले पेशींचे पुंजके, मॅलासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये वर्णिलेले, तिथेच झोपलेले असतात. दाहातल्या संदेशक रेणूंनी ते जागे होऊन वाढू लागतात, मधला भाग मरून पोकळी होते, मेलेल्या पेशींचे तुकडे आत पाणी ओढतात आणि भोवतीचे हाड विरघळत जाते. वरच्या दाढेची मुळे सायनसच्या तळाला इतकी लागून असतात की पिशवीला वर जायला फारसा अडथळा नसतो. ती कित्येक वर्षे न दुखता वाढते.

उजवीकडची ऊती काढलेली नाही, काढायची गरजही नव्हती. अस्तराखाली दाहाचा द्रव साचतो एवढी यंत्रणा स्पष्ट आहे. तो दाह प्रत्येकात कशाने सुरू होतो, याचे एकच सिद्ध कारण नाही. शेजारचा दात कुजलेला असेल तर तो आधी नीट करावा. इथे उजवीकडचे सगळे दात निरोगी होते.

गंधकाच्या धुरीबद्दल उत्तर देताना घाई करू नये. धुरीतला सल्फर डायऑक्साइड वायू पाण्यात लगेच विरघळतो, म्हणून त्याचा बराचसा भाग नाकातल्या आणि घशातल्या ओलाव्यातच शोषला जातो. नाक गळणे, घसा खवखवणे, खोकला, दमेकऱ्याला धाप हे त्याने नक्की होते. त्याने अस्तराला त्रास होतो, पण हाडात पिशवी तयार होत नाही. बाईंना सांगितले तेही असेच: “मावशी, डाव्या बाजूची गाठ दाढेची आहे, धुरीची नाही. शेड सोडायची गरज नाही. धुरीच्या खोलीत मात्र वारा खेळल्याशिवाय जाऊ नका. तोंडावरचा पदर वायू अडवत नाही.” मशेरीबद्दलही त्याच बैठकीत बोलणे झाले.

उजव्या बाजूचे ऑपरेशन रद्द केले. तक्रार नसलेली, हाड न झिजवणारी, ओस्टियम मोकळा ठेवणारी स्यूडोसिस्ट उघडल्याने रुग्णाला मिळत काही नाही, आणि चांगल्या अस्तरावर व्रण मात्र पडतो. या पिशव्या तशाच राहतात, लहान होतात किंवा आपोआप फुटतात. फुटली तर वाकल्यावर एका नाकपुडीतून पिवळसर पातळ पाणी एकदाच घळकन येते. ते आधी सांगून ठेवले नाही तर रुग्ण घाबरून रात्रीच मिरज गाठतो.

पाठपुरावा सहा आणि बारा महिन्यांनी. डावीकडे सहा महिन्यांत कडांकडून हाड भरू लागले होते, बारा महिन्यांत सायनसच्या तळाची रेघ पुन्हा खाली आली, अस्तर २ मिलिमीटरवर आले, कुबट वास पहिल्या महिन्यातच गेला होता. दाढेवर कॅप बसवली. उजवीकडचा घुमट १७ मिलिमीटरचा होता तेवढाच आहे. फाइलवर त्याचे नाव ‘रिटेन्शन सिस्ट’ खोडून ‘अँट्रल स्यूडोसिस्ट, ऊतीपरीक्षा नाही’ असे लिहिले आहे, आणि पुढचा स्कॅन फक्त तक्रार आली तर.